भाव पाडायचा की नाही

'ऑक्सहाइड' हा चिनी सिनेमा सुरू होतो तो दुकानात लावायच्या एका पाटीपासून. बापाचं चामड्याच्या बॅगांचं छोटं दुकान आहे, धंदा बसत चाललाय आणि मालावर सूट जाहीर करायचीय. मुलगी मजकूर जुळवतेय, बाप बाजूला बसून सुचवतोय. अक्षरं केवढी ठेवायची, कुठली ओळ वर, कुठली खाली. खोलीत उजेड बेताचाच. माणसं धड दिसतही नाहीत, आवाज तेवढे ऐकू येतात. कॅमेरा जागचा हलत नाही. प्रिंटरमधून कागद बाहेर येईपर्यंत आपल्या लक्षात आलेलं असतं, की या माणसाला ती पाटी मनापासून लावायचीच नाहीये.

सिनेमा २००५ चा. ल्यु जियायिन ही दिग्दर्शिका तेव्हा जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांची, बीजिंग फिल्म अकादमीत शिकत होती. पडद्यावरचा बाप तिचा खरा बाप, आई तिची खरी आई, मुलगी ती स्वतः, आणि घर त्यांचं राहतं घर, सुमारे ५० चौरस मीटरचं. लेखन, छायाचित्रण, संकलन सगळं तिचंच. हाताशी एक साधा डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, कॅमेरा. ११० मिनिटांच्या या सिनेमात शॉट फक्त २३. एवढं वाचून हा माहितीपट असेल असं वाटेल, पण तो माहितीपट नाही. तिनं पटकथा लिहिली, प्रसंग बांधले आणि आईवडिलांकडून ते करून घेतले. घरात जे रोज घडत होतं तेच पुन्हा एकदा, या वेळी कॅमेऱ्यासमोर आणि ठरवून. बर्लिनच्या महोत्सवात फोरम विभागात तो दाखवला गेला आणि तिथं त्याला कॅलिगारी पारितोषिक मिळालं.

मी कोल्हापूरची. आमच्या घरात चामड्याचं काम आजोबांच्याही आधीपासून. माझ्या वडिलांनी, आबांनी, आयुष्यभर चपला केल्या. मधल्या काळात पट्टे आणि पाकिटंही केली. मी शिकले, पुण्यात आले, आता छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. त्यामुळे कुठलाही सिनेमा बघताना माझी नजर आधी दोन गोष्टींवर जाते. हात काय करताहेत, आणि पैसा कुठून कुठे चाललाय. चीनमधल्या स्वतंत्र सिनेमानं माझ्या मनात घर केलं ते याच दोन गोष्टींमुळे. तिथल्या दिग्दर्शकांनी गेल्या तीसेक वर्षांत आपल्या देशाची उलथापालथ दाखवली ती बहुतेक वेळा घराच्या आतून, आणि घराच्या आत ती उलथापालथ पोचते ती पैशाच्या रूपानं. सूट किती द्यायची, भाडं भरायचं कुठून, आईला कुणी सांभाळायचं, मुलीच्या शिकण्याला कुणी किती पाठवायचे. मोर्चा नाही, भाषण नाही. एक आकडा असतो, आणि त्याच्याभोवती बसलेली माणसं.

'ऑक्सहाइड'मधल्या त्या पाटीकडे परत वळते, कारण सवलतीची ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. हातानं केलेल्या बॅगेची किंमत म्हणजे कातड्याचा भाव, धागा, बकल, वाया गेलेली कात्रणं, दुकानाचं भाडं आणि कारागिराची मजुरी. निम्म्या भावात विकायची म्हटलं तर निम्मं कमी कुठून होणार? कातडंवाला कमी करत नाही. जागामालक तर नाहीच नाही. उरते ती मजुरी. म्हणजे पाटीवर सूट लिहिणं याचा अर्थ कारागिरानं स्वतःच्या दिवसावर काट मारणं. कारखान्यातून निघणाऱ्या मालाला हा प्रश्न पडत नाही, तिथं हजार नगांत तोटा पसरून जातो. इथं मात्र प्रत्येक बॅग एकेक करून तोट्यात जाते. ल्यु जियायिनच्या बापाला हे हिशेब मांडून सांगता येत नाहीत. तो फक्त चिडतो, हट्टाला पेटतो, मध्येच गप्प होतो, आणि बायको नि मुलगी त्याला समजावत राहतात. त्या दोघींचंही चुकत नाही, कारण घर चालवायचं तर गिऱ्हाईक पाहिजे.

हे सगळं तिनं ज्या चौकटीत बसवलंय ती चौकटही बघण्यासारखी आहे. मोठ्या पडद्यावरच्या युद्धपटांना, वाळवंटांना वापरतात तशी लांबरुंद, आडवी पट्टी. एवढ्याशा घरात ती लावल्यावर काय होणार? माणसाचं डोकं कापलं जातं, नुसते हात राहतात, नुसता टेबलाचा काठ राहतो. घरात जागा नाही हे आपल्याला कुणी सांगत नाही, ते डोळ्यांना टोचत राहतं. बाप मुलीची उंची वाढत नाही म्हणून काळजीत आहे, तिला उभं करून मोजतो. तिळाची पेस्ट कशी घोटायची यावर तिला धडा देतो. या प्रसंगांत 'पुढे काय' असं काही नसतं. मधला काही भाग मलाही जड गेला, उजेड इतका कमी की डोळे ताणावे लागतात. पण पैशाचा विषय प्रत्येक प्रसंगाच्या तळाशी आहे आणि तो कधी वर येईल सांगता येत नाही. कर्जात असलेल्या घरात दिवस असेच जातात, जेवणाच्या गप्पा चालू असताना अचानक भाड्याची तारीख कुणाला तरी आठवते.

स्वतंत्र सिनेमा म्हणजे तिथं नेमकं काय, तेही थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे तो शब्द 'कमी बजेट' एवढ्यापुरता वापरला जातो. चीनमध्ये अनेक दशकं सिनेमा काढायचा हक्क सरकारी स्टुडिओंनाच होता. पटकथा मंजूर करून घ्यायची, तयार सिनेमा पुन्हा तपासून घ्यायचा, मग सुरुवातीला ड्रॅगनचं चिन्ह असलेला परवाना लागतो आणि त्यानंतरच थिएटर. स्टुडिओच्या पैशांवर अवलंबून न राहता झांग युआननं १९९० मध्ये 'मामा' केला. मतिमंद मुलाला एकटीनं वाढवणारी आई, एवढाच विषय. चिनी स्वतंत्र सिनेमाची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात, आणि ती सुरुवात एका आईपासून आणि तिच्या मुलापासून झाली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे नव्वदीच्या शेवटी हातात मावणारे डीव्ही कॅमेरे आले आणि स्टुडिओची गरजच उरली नाही. थिएटर मिळत नव्हतं तेव्हा हे सिनेमे लोकांपर्यंत पोचले ते चोरट्या डिस्कवरून. जिया झांगके या दिग्दर्शकाच्या 'अननोन प्लेझर्स'मध्ये एक माणूस रस्त्यावरच्या डिस्कवाल्या पोराकडे जियाचेच आधीचे सिनेमे मागतो. पोराकडे ते नसतात.

आता 'ऑक्सहाइड २'. हा २००९ चा, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा कितीतरी पुढचा. १३२ मिनिटं, शॉट फक्त नऊ. जागा एकच, घरातलं टेबल. सुरुवातीला बाप त्या टेबलावर चामड्याचं काम करतोय. बराच वेळ. मग काम बाजूला होतं, टेबल रिकामं होतं आणि त्याच टेबलावर तिघं मिळून ज्याओझ करतात. पिठाच्या पारीत सारण भरून उकळत्या पाण्यात सोडायचे ते डंपलिंग. पीठ मळणं, सारण कालवणं, लाट्या, लाटणं, भरणं, कडा दाबणं, उकडणं, खाणं. सगळं ज्या वेळेत होतं त्याच वेळेत आपण बघतो. एकूण ७३ ज्याओझ. प्रत्येक शॉटनंतर कॅमेरा टेबलाभोवती ४५ अंश सरकतो आणि शेवटी फिरून सुरुवातीच्या जागी येऊन पोचतो.

यात 'गोष्ट' कुठे आहे असं मला एका मैत्रिणीनं विचारलं होतं. गोष्ट दुकानाची आहे. दुकान ठेवायचं की बंद करायचं, जागेचं काय करायचं. पण त्याबद्दल तिघं समोरासमोर बसून बोलत नाहीत. पीठ सैल झालंय का, पारी जाड झाली का, हे बोलता बोलता एक वाक्य दुकानाचं येतं आणि पुन्हा पीठ. हे मला अगदी आतून ओळखीचं वाटलं. ज्या घरात हाताला काम असतं तिथं अवघड बोलणी कामाच्या आडून होतात. नजर पिठावर असली की तोंडातून निघणं सोपं जातं. ल्यु जियायिननं हे ओळखलं आणि त्यासाठी सव्वादोन तास दिले. ते कमी करता आले नसते, कारण ७३ ज्याओझना तेवढा वेळ लागतोच आणि त्या माणसांना बोलायला तेवढा वेळ लागतोच.

तो पहिला, चामड्याचा शॉट मी आबांना दाखवला. ते सिनेमा बघणारे नव्हेत. लॅपटॉप जवळ ओढून घेतला आणि गप्प बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "टेबलावर करतोय व्हय हा? मग पाय कुठं लावतो?" आमच्याकडे काम जमिनीवर बसून होतं. कातडं पायाच्या अंगठ्याखाली दाबायचं, एका हातात धरायचं आणि रापी, म्हणजे कातडं कापायचं पातं, आपल्या अंगाकडे ओढायची. पायाशिवाय कातड्याला पकड येते यावर आबांचा विश्वास बसेना. मग ते त्याचे हात बघू लागले. कातड्यावरून तो तळवा फिरवतो, कुठं पातळ आहे, कुठं सुरकुती आहे ते बोटांनीच बघतो. "हां," आबा म्हणाले, "हे बरोबर आहे. डोळ्यानं कळत नाही ते." मी सांगितलं, की ही बॅग विकली जात नाहीये, दुकान बंद पडायला आलंय. त्यांनी विचारलं, "माल चांगला आहे नव्हं?" मी हो म्हणाले. "मग तो भाव पाडणार नाही, पोरी." पहिल्या भागातली पाटीची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती.

बीजिंगमधल्या त्या बापाला आणि कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या आमच्या गल्लीतल्या माणसांना एकत्र बांधावं म्हणून हे लिहीत नाहीये. दोन्हीकडचे कायदे, बाजार, इतिहास वेगळे. आमच्याकडे या धंद्याला जातीचं ओझं आहे, ते त्या घरात नाही, आणि तो फरक लहान नाही. पण कातड्यावरून फिरणारा तळवा पडद्यावर इतका वेळ कुणी ठेवला असेल असं मला दुसरीकडे कुठं आढळलं नाही. आपल्या सिनेमातही नाही.

जिया झांगकेकडे वळते. त्याचं नाव आता सगळ्या महोत्सवांत आहे, पण तो मुळात शान्शी प्रांतातल्या फनयांग या छोट्या गावचा, १९७० चा जन्म. 'प्लॅटफॉर्म' (२०००) हा त्याचा सिनेमा एका सरकारी नाट्यपथकातल्या तरुणांची दहा वर्षं दाखवतो. सत्तरीच्या शेवटापासून ऐंशीच्या शेवटापर्यंतची, म्हणजे माओनंतरचा चीन बाजाराकडे वळत होता तो काळ. मला त्यातला एकच प्रसंग सांगायचाय. नायकाचा चुलतभाऊ सानमिंग खाणीत कामाला लागतोय. त्याला वाचता येत नाही, म्हणून नायक त्याला करार वाचून दाखवतो. जन्ममरण दैवाच्या हाती. अपघात झाल्यास खाणीची जबाबदारी नाही. मेल्यास घरच्यांना एकदाच ५०० युआन. रोजची मजुरी १० युआन. सानमिंग ऐकतो आणि सही करतो. पुढे तो नायकाला गाठून पाच युआन देतो, माझ्या बहिणीला दे, तिला सांग शीक आणि इथं परत येऊ नकोस. पाच युआन म्हणजे खाणीतला अर्धा दिवस. ताळेबंदात ही रक्कम कुठल्या रकान्यात घालाल? सानमिंगचं काम करणारा हान सानमिंग हा जियाचा सख्खा नातेवाईक आहे, खाणीत काम केलेला. त्याला अभिनय शिकवायची गरज पडली असेल असं वाटत नाही.

हाच सानमिंग 'स्टिल लाइफ' (२००६) मध्ये फंगजिए नावाच्या गावी येतो. यांगत्से नदीवरच्या 'थ्री गॉर्जेस' धरणाखाली जाणारं गाव. दोन हजार वर्षांची वस्ती, तीही माणसांच्या हातांनी, घणांनी पाडली जातेय. भिंतींवर पाणी कुठवर येणार त्याची उंची रंगवलेली. या धरणानं बारा लाखांहून जास्त माणसं हलवली. सानमिंग तिथं येतो ते सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बायकोला शोधायला. ती पैसे मोजून आणलेली बायको होती, हे त्यानंही लपवलेलं नाही. तिच्यासोबत मुलगीही गेलेली. पत्ता काढत तो पोचतो तर तो रस्ताच पाण्याखाली.

त्यात एक नोटांचा प्रसंग आहे. घरं पाडणारे मजूर एकत्र बसलेत. कुणी तरी दहाची नोट काढतो, तिच्या मागे तिथल्याच खिंडीचं चित्र, बघ आमचं गाव. सानमिंग आपली पन्नासची जुनी नोट काढतो, तिच्यावर त्याच्याकडचा हुकौ धबधबा. दोघं एकमेकांच्या नोटा हातात घेऊन बघतात. गाव बुडालं, नोटेवरचं चित्र तेवढं राहिलं. मी रोज पैशात असते, पण नोटेकडे असं बघावं हे मला कुणी दाखवलं नव्हतं. शेवटी बायको सापडते, भावाच्या ३०,००० युआनच्या देण्यापायी कुणाच्या तरी बोटीवर अडकलेली. पडक्या इमारतीत दोघं उकिडवी बसतात, दुधाची एक गोळी वाटून खातात, आणि दूर मागे एक उंच इमारत कोसळते. सानमिंग ठरवतो, पुन्हा खाणीत जाऊन ते पैसे फेडायचे. इथल्या पाडकामापेक्षा तिकडे मजुरी कितीतरी जास्त आहे, आणि सकाळी खाली गेलेला संध्याकाळी वर येईल याची खात्री नाही, हे तो सोबतच्या मजुरांना आधीच सांगून टाकतो. तरी ते त्याच्यासोबत निघतात. हा सिनेमा मंजुरी घेऊन केलेला होता, त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, आणि चीनमध्ये तो लागला तो एका भल्यामोठ्या राजवाडी चित्रपटाच्या दिवशीच. थिएटरांनी कुणाला जागा दिली असेल ते सांगायला नको.

वांग बिंगच्या 'वेस्ट ऑफ द ट्रॅक्स'बद्दल नुसतंच सांगून पुढे जाणं मला जमणार नाही. नऊ तासांचा माहितीपट आहे, शन्यांग शहरातल्या तिएशी या सरकारी कारखान्यांच्या भागाचा, कारखाने एकेक करून बंद होत असताना त्यानं छोट्या कॅमेऱ्यावर तो टिपला. शेवटच्या भागात रेल्वेच्या रुळांवरून कोळसा वेचून जगणारे बापलेक आहेत. बापाला पोलीस नेतात. तरुण मुलगा खोलीत एकटा, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले घरचे फोटो काढतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं. बाप सुटून आल्यावर दोघं खाणावळीत जेवायला जातात, मुलगा पितो, मग रडत बापापुढे गुडघे टेकतो. बाप त्याला पाठीवर घेऊन घरी नेतो. कारखान्याच्या भोंग्यांनी जे सांगितलं नसतं ते त्या म्हाताऱ्याच्या वाकलेल्या पाठीनं सांगितलं. नऊ तास बघणं होणार नसेल तर निदान हा भाग वेगळा काढून बघावा.

नव्या पिढीतला गु श्याओगांग, जन्म १९८८. त्याचा 'ड्वेलिंग इन द फुचुन माउंटन्स' (२०१९) हांगझोजवळच्या फुयांगमध्ये, त्याच्या स्वतःच्या गावी घडतो. चौदाव्या शतकात ह्वांग गोंगवांगनं इथल्या नदीचं नि डोंगरांचं लांबलचक गुंडाळीचित्र काढलं होतं, सिनेमाचं नाव त्यावरूनच. चार भाऊ, त्यांची म्हातारी आई. आईच्या वाढदिवसाच्या जेवणावळीत वीज जाते, मेणबत्त्या लागतात आणि तिथंच ती कोसळते. पुढचा सगळा सिनेमा एका प्रश्नावर चालतो, आता आईला ठेवायचं कुणाकडे. एक भाऊ हॉटेल चालवतो, एक मासे धरतो, एक जुगारात बुडालेला, धाकटा पाडकामावर. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही या बैठकीचा सूर नव्यानं समजावून द्यायला नको. सगळे प्रेमानं बोलतात आणि प्रत्येकाची बायको दुसऱ्याच्या बायकोकडे बघते.

गुनं यात आपले नातेवाईक घेतले, दोन वर्षं चारही ऋतूंत थांबून चित्रीकरण केलं. थोरल्या भावाच्या मुलीला एक शिक्षक आवडतो, तिच्या आईला हवाय पैसेवाला जावई. घरांचे भाव इतके वाढलेत, की शिक्षकाच्या पगारात संसार मांडता येणार नाही हे आईचं म्हणणं खोटं नाही. दुसरीकडे आजी नातीच्या बाजूनं. यात एक दहा मिनिटांहून लांब शॉट आहे, शिक्षक नदीतून पोहत चाललाय, मुलगी काठानं चालतेय, कॅमेरा नदीतून त्यांच्या बरोबरीनं सरकतोय. त्याची फार वाहवा झाली. मला तो आवडला, पण मी त्यासाठी या सिनेमाकडे जाणार नाही. निसर्ग इतका देखणा होतो, की काही वेळा भावाभावांच्या देण्याघेण्याची धार त्यात बोथट होते. हॉटेलच्या गल्ल्यापाशी बसलेली थोरली सून पडद्यावर आली, की सिनेमा पुन्हा उभा राहतो.

वांग श्याओश्वाईचा 'सो लाँग, माय सन' त्याच वर्षीचा. एकच मूल ठेवण्याच्या सक्तीनं दोन घरांचं काय झालं त्याची तीस वर्षांची गोष्ट. बर्लिनमध्ये अभिनयाची दोन्ही पारितोषिकं त्याच्या नायक-नायिकेनं नेली, आणि ती त्यांना मिळायलाच हवी होती. तरी माझं मन त्यात पूर्ण रमत नाही. तिथं इतिहास फार मोठ्या आवाजात घरात शिरतो. जुळून येणाऱ्या योगायोगांवर गोष्ट उभी राहते. ल्यु जियायिनच्या टेबलावर योगायोग नसतात.

या सिनेमांची आणखी एक बाजू आहे आणि ती लिहिताना मला राग आवरत नाही. बीजिंगबाहेर सोंगझ्वांग या चित्रकारांच्या वस्तीत स्वतंत्र सिनेमाचा महोत्सव भरायचा. २०१४ मध्ये तो उद्घाटनाच्या दिवशीच बंद पाडला गेला आणि आयोजकांनी वर्षानुवर्षं जमवलेला संग्रह उचलून नेला. कुन्मिंगचा माहितीपटांचा महोत्सव त्याआधीच थांबला होता. १ मार्च २०१७ पासून नवा चित्रपट कायदा आला, परवान्याशिवाय सिनेमा परदेशी महोत्सवात नेला तर दंड आणि बंदी. नानजिंगचा महोत्सव २००३ पासून कसाबसा तग धरून होता, त्यानं जानेवारी २०२० मध्ये काम थांबवलं. ज्यांनी कुणाविरुद्ध घोषणा दिली नाही, फक्त आपल्या आईबापाचं जेवणाचं टेबल दाखवलं, त्यांचे सिनेमे बघायलाही त्यांच्याच देशात जागा राहिली नाही. बाहेरच्या देशांतले समीक्षक मग या सगळ्यावर 'बंदी घातलेला सिनेमा' असा शिक्का मारतात, तोही मला पटत नाही. त्या शिक्क्यामागे टेबल, पीठ, पाच युआन सगळं झाकलं जातं. 'ऑक्सहाइड'मधला बाप सरकारशी भांडत नाहीये. तो आपल्या बॅगेच्या किमतीसाठी भांडतोय आणि ते भांडण तितकंच मोठं आहे.

'ऑक्सहाइड २' नंतर ल्यु जियायिनचा पुढचा मोठा सिनेमा यायला २०२३ उजाडलं. 'ऑल इअर्स'. या वेळी परवाना आहे, हु गे हा मोठा नट आहे, उजेड भरपूर आहे. शांघायच्या महोत्सवात तिला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. नायक पटकथालेखक व्हायला निघालेला, ते न जमल्यावर मेलेल्या माणसांसाठी श्रद्धांजलीचे मजकूर लिहून देणारा. त्यासाठी तो घरोघरी जाऊन नातेवाइकांना विचारत बसतो, तुमचे वडील कसे होते, भाऊ कसा होता. पहिल्या दोन सिनेमांचा खरखरीतपणा इथं नाही आणि तो मला हवा होता. पण गेलेल्या माणसाबद्दल विचारल्यावर घरचे लोक किती कमी सांगू शकतात, एकाच छताखाली राहूनही, हे तिनं फार बारकाईनं पकडलंय. मुलाला बापाबद्दल विचारलं तर तो आधी बापाच्या कामाबद्दलच बोलतो. त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर 'स्टिल लाइफ'पासून करा, तो सगळ्यात सहज मिळतो आणि दोन तासांच्या आत संपतो. मग 'फुचुन'. 'ऑक्सहाइड'चे दोन्ही भाग नंतर, आणि शक्य तर दुसरा भाग आधी. पहिला अंधारा आहे, लॅपटॉपवर दिवसा बघू नका. पुण्यात कुणा फिल्म सोसायटीला दोन्हींच्या नीट प्रती मिळवता येत असतील तर मला जरूर कळवा. मराठी सबटायटल्स मी करून द्यायला तयार आहे, चामड्याच्या कामाचे शब्द आबांना विचारून घालीन.